हिमात मिटलेले दार

देवालयाचे दार बंद असणे ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाही. दुपारचा नैवेद्य झाला की पडदा पडतो, देव विश्रांती घेतात, आणि चार कोस चालून आलेला भाविकही सभामंडपाच्या खांबाला पाठ टेकून निमूटपणे वाट पाहतो. रात्री शेजारती झाली म्हणजे पुजारी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. दार उघडण्याची जशी वेळ असते तशी ते मिटण्याचीही असते, आणि दोन्ही वेळा देवाच्या आहेत, हे आपण लहानपणापासून जाणतो. परंतु हा बंद दाराचा काळ घटकांचा नसून सहा महिन्यांचा असेल तर भाविकाने काय करावे? हिवाळ्याच्या अखेरीस गढवालात, तुंगनाथाच्या बर्फाळ वाटेवर, हा प्रश्न आम्हांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

केदारखंडातील पंचकेदारांची कथा सर्वांस ठाऊक आहे. भारतीय युद्धानंतर गोत्रहत्येच्या पापातून मुक्त होण्यासाठी पांडव शिवाच्या शोधात निघाले. शिवाला दर्शन द्यावयाचे नव्हते, म्हणून त्याने नंदीचे रूप घेतले आणि तो भूमीत गुप्त झाला. पुढे पाठीचा उंचवटा केदारनाथी, बाहू तुंगनाथी, मुख रुद्रनाथी, नाभी मदमहेश्वरी आणि जटा कल्पेश्वरी प्रकटल्या, अशी श्रद्धा आहे. या पाचांत तुंगनाथ सर्वांत उंच. त्याचे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६८० मीटर उंचीवर असून एवढ्या उंचीवर दुसरे प्राचीन शिवालय नाही असे सांगतात. कल्पेश्वर तेवढा बारमाही उघडा असतो. बाकीच्या चौघांची कवाडे दिवाळीच्या मागेपुढे मिटतात आणि वैशाखाच्या सुमारास उघडतात.

कवाडे मिटतात म्हणजे देव एकटा टाकला जातो असे मात्र नव्हे. स्वयंभू लिंग आपल्या स्थानी राहते आणि चलमूर्ती डोलीत बसून खाली उतरते. केदारनाथाची डोली भाऊबिजेला निघते आणि उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात येते; मदमहेश्वरही तेथेच येतो. रुद्रनाथ गोपेश्वरास जातो. तुंगनाथाची डोली मक्कूमठ या गावी मार्कंडेय मंदिरात येते. उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणांत गेलेली माणसे थंडी पडताच खालच्या गावी परततात, तसाच देवही आपल्या माणसांबरोबर उतरतो. वर राहिलेल्या लिंगाची पूजा त्या सहा महिन्यांत देव करतात, अशी तेथील लोकांची समजूत आहे. बदरीनाथाची हिवाळ्यातील पूजा नारदाकडे असते असे म्हणतात, आणि केदारनाथी दार मिटताना लावलेला दिवा दार उघडेपर्यंत तेवतो, असेही भाविक सांगतात.

गोमंतकातील वाचकास देवाच्या स्थलांतराची ही कथा ऐकून आपल्या घरची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. आपलेही देव चालले आहेत. पोर्तुगीज सत्तेच्या धर्मच्छळामुळे १५६० च्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर असलेल्या अंत्रुज महालाने त्यांस ठाव दिला. भेद इतकाच की, तुंगनाथ दरवर्षी उतरतो आणि दरवर्षी परत चढतो. आपले देव एकदाच निघाले आणि जेथे आले तेथेच नांदले. ज्या समाजाने आपला देव रात्रीच्या अंधारात होडीत घालून नेला, त्याला ‘देव कोठे आहे’ हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. आमच्या यात्रेचे मूळ याच प्रश्नात होते.

आमच्या देवळाच्या महाजनांत एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत; त्यांस आम्ही सारे भाई म्हणतो. वयाची सत्तरी त्यांनी ओलांडली असली तरी चालणे अजून ताठ आहे. त्यांच्या पत्नीस, म्हणजे आमच्या वहिनींस, तुंगनाथाला जाण्याची फार वर्षांची इच्छा होती. ग्रामदेवीच्या तळीचे पाणी न्यावे आणि आपल्या हाताने तुंगनाथावर घालावे, एवढेच त्यांचे मागणे. दरवर्षी पोह्यांच्या डब्याखाली त्यासाठी पैसे साठत. दरवर्षी कोणाचे बाळंतपण, कोणाचे आजारपण आडवे येई. आणि शेवटी गुडघ्यांनी असहकार पुकारला. २०२३ च्या चैत्रात वहिनी गेल्या. वर्षश्राद्धापूर्वी हे पाणी पोचावे असे भाईंच्या मनाने घेतले. पण वर्षश्राद्ध चैत्रात, आणि तुंगनाथाची कवाडे उघडावयाची ती वैशाखात. भाईंनी देवीला प्रसाद लावला आणि विचारले, ‘पाणी घेऊन निघू का?’ उजवी पाकळी पडली. मग कोणी काही बोलले नाही. भाई, त्यांचा पुतण्या आणि आम्ही तिघे असे पाच जण निघालो. तांब्याच्या एका लहान गडूत तळीचे पाणी भरून, त्याचे तोंड मेणाने बंद करून, भाईंनी तो पंचात गुंडाळून घेतला होता.

हरिद्वार, हृषीकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग असे मुक्काम मागे टाकीत आम्ही उखीमठास पोचलो तो दिवस महाशिवरात्रीचा, म्हणजे ८ मार्च २०२४ चा. आपल्या पंचांगात तो माघ वद्य चतुर्दशीचा. तिकडे पौर्णिमेला महिना संपत असल्यामुळे तीच तिथी फाल्गुनात पडते. रात्र एक, देव एक; नाव मात्र महिन्याचे निराळे. केदारनाथाची कवाडे कोणत्या दिवशी उघडावयाची याची घोषणा दरवर्षी याच दिवशी उखीमठात होते. त्याप्रमाणे त्या वर्षीचा मुहूर्त १० मेचा, अक्षय तृतीयेचा, निघाला. केदारनाथाचे रावळ कर्नाटकातील वीरशैव परंपरेतले असतात ही गोष्ट बेळगावकडील वाचकांस ठाऊक असेलच. कृष्णा-तुंगभद्रेच्या प्रदेशातील माणूस मंदाकिनीच्या काठी देवाची सेवा करतो, यात तेथील कोणाला काही वावगे वाटत नाही. तुंगनाथाचे पुजारी मात्र मक्कू गावचेच मैठाणी ब्राह्मण. तुंगनाथाच्या कवाडांचा मुहूर्त बैसाखीला मक्कूमठात निघतो, असेही आम्हांस तेथे कळले.

त्या रात्री धर्मशाळेत प्रश्न निघाला तो हा की, पाणी घालावयाचे कोठे? मक्कूमठास जाऊन चलमूर्तीवर, की वर चढून मिटलेल्या दाराच्या उंबऱ्यावर? आमच्यांतील एकाने मक्कूमठाचा पक्ष घेतला. पुतण्या म्हणाला, “काकींनी तुंगनाथ म्हटले होते. पाकळी उजवी पडली ती तुंगनाथासाठी.” भाई म्हणाले, “आधी वर जाऊ. वाट काय म्हणते ते पाहू.”

उखीमठापासून चोपता सुमारे तीस किलोमीटर आहे. रस्ता ओक आणि बुरांश यांच्या रानातून चढत जातो. खाली बुरांश फुलू लागला होता. मोठ्या झाडावर मुठीएवढे तांबडे गुच्छ, जणू कोणी पळसाची फुले घेऊन बांधली असावीत. दुग्गलबिट्टा मागे पडल्यावर फुले संपली आणि झाडांच्या बुडाशी मळकट बर्फ दिसू लागला. चोपत्याच्या अलीकडे सुमारे दोन किलोमीटरांवर रस्ताच बर्फाखाली गेला होता. तेथून सामान पाठीवर घेऊन पायी निघालो. आमच्यांपैकी चौघांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. लहानपणी मिठागरात पाहिलेल्या मिठाच्या राशी तेवढ्या आठवल्या. तसाच पांढरा, तसाच उन्हात डोळ्यांस बोचणारा, आणि पायाखाली तसाच कुरकुरणारा. पण मिठाची रास जागची हलत नाही. बर्फ दिवसभर हलत असतो, हे ज्ञान दुसऱ्या दिवसाचे.

चोपता २,७०० मीटरांच्या आसपास आहे. हिवाळ्यात तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. एका झोपडीवजा खानावळीत आम्हांस जागा मिळाली. हा सारा प्रदेश १९७२ साली स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात मोडतो. कस्तुरीमृगाचे ते राखीव घर आहे. सूर्य गेला तशी थंडी अशी उतरली की बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला. भाईंनी गडू पंचातून काढून पाहिला. पाणी अजून हलत होते. ते म्हणाले, “हे गोठले तर गडू फुटेल.” गडू भरताना त्यांनी वर दोन बोटे जागा रिकामी ठेवली होती, तरी त्यांचे समाधान होईना. रात्रभर त्यांनी तो गडू रजईत, छातीशी धरला. आम्ही तो प्रकार पाहिला आणि पाहिला नाही असे दाखविले.

आमचा वाटाड्या मक्कू गावचाच एक तरुण होता. भाईंस तो बाबूजी म्हणे. त्याने आम्हांस पहाटे चार वाजता उठविले आणि पाचच्या आत वाटेला लावले. एवढ्या लवकर का, असे विचारता त्याने जे सांगितले ते आमच्या पुढील साऱ्या विचाराचा पाया ठरले. थंडीच्या ऐन भरात बर्फ भुसभुशीत असतो आणि तसाच राहतो. हिवाळा सरत आला म्हणजे दिवसा ऊन लागून बर्फाचा वरचा थर विरघळतो आणि रात्री तोच पुन्हा गोठून कडक होतो. पहाटे त्या कडक पापुद्र्यावरून माणूस चालू शकतो. दहा-अकरा वाजता तोच पापुद्रा मऊ पडतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. जेथे दिवसा पाणी वाहिलेले असते तेथे रात्री काच होते. त्यातच पश्चिमेकडून, दूर भूमध्य समुद्राच्या बाजूने, झंझावात येतात आणि या दिवसांतही नवा बर्फ टाकून जातात. मार्चच्या आरंभी असाच एक येऊन गेला होता. जुन्या गुळगुळीत थरावर पडलेला नवा बर्फ हा भिंतीवर नीट न धरलेल्या गिलाव्यासारखा असतो. ऊन लागले की तो सुटतो, आणि सुटला म्हणजे उतारावर जे असेल ते घेऊन जातो.

चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर. उन्हाळ्यात तेथे दगडी फरसबंद वाट असते. म्हातारीकोतारी, घोड्यांवर बसलेली, तोंडाने नामस्मरण करीत जातात. आम्हांस ती फरसबंदी कोठेच दिसली नाही. कोठे कठड्याचा एक गज वर आलेला दिसे, त्यावरून खाली वाट आहे हे समजावयाचे. बुटांखाली खिळ्यांच्या साखळ्या बांधून, हातात काठ्या घेऊन, पुढच्याने पाय ठेवला त्याच खळग्यात पाय ठेवीत आम्ही चढू लागलो. बोलणे आपोआप थांबले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. वीस पावले झाली की आमच्यासारख्या समुद्रकाठच्या माणसाचे ऊर भरून येते. भाई पंधरा पावले मोजीत आणि थांबत. गडू त्यांच्या पोटाशी बांधलेला होता.

उजाडले तेव्हा आम्ही झाडांच्या वर आलो होतो. पूर्वेकडून प्रकाश आला तो प्रथम चौखंब्याच्या माथ्यावर पडला. सात हजार मीटरांहून उंच असलेले ते शिखर आधी राखी, मग केशरी आणि मग इतके पांढरे झाले की तिकडे पाहवेना. खाली एका ठेंगण्या झुडपाजवळ एक मोनाल नर पिसे फुलवून उभा होता. निळा, हिरवा, तांबूस असे सारे रंग त्या शुभ्र पटावर एकट्याच्या अंगावर घेऊन तो काही क्षण उभा राहिला आणि कड्याखाली झेपावला. बर्फावर त्याच्या पायांचे ठसे राहिले, त्यांच्या बाजूला कोल्ह्याचे, आणि पलीकडे आमचे. आमचे ठसे तेवढे खोल व ओबडधोबड होते.

आठ वाजून गेले असतील. वाट एका उघड्या उताराला वळसा घेते त्या ठिकाणी आम्ही आलो आणि तुंगनाथाचे देऊळ समोर दिसले. दगडी शिखर, त्यावरची लाकडी छत्री, छत्रीवर बर्फाचा जाड थर. भोवतालची लहान देवळे तर अर्धी बुडालेली. तेथून अंतर फार तर पाव तासाचे. भाईंनी पादत्राणांसकट हात जोडले आणि मग भान येऊन काठीवर टेकत बर्फात बसूनच नमस्कार केला.

वाटाड्या मात्र देवळाकडे पाहत नव्हता. तो उताराकडे पाहत होता. आमच्या वाटेच्या वर नवा बर्फ दाटून बसला होता आणि त्याला ऊन भिडले होते. वरच्या कडेने लहान लहान गोळे सुटून घरंगळत येत होते आणि मागे रेघा ठेवीत होते. पश्चिमेला नंतर दाटणाऱ्या ढगांची पहिली पट्टी दिसू लागली होती. तो म्हणाला, “बाबूजी, येथून पुढे मी नेणार नाही. जाताना कदाचित पार पडू, पण येताना ऊन वाढलेले असेल.”

तेवढ्यात मागून सात-आठ तरुणांची एक टोळी आली. त्यांस तुंगनाथाच्याही वर, सुमारे ४,००० मीटर उंचीच्या चंद्रशिलेवर जावयाचे होते. त्यांनी क्षणभर उताराकडे पाहिले, आपसांत काही बोलले आणि एकामागून एक तो उतार ओलांडून गेले. भाईंचा पुतण्या ते पाहत होता. त्याने हात पुढे केला. “काका, गडू माझ्याकडे द्या. मी धावत जाऊन उंबऱ्यावर पाणी घालून येतो. वीस मिनिटे. काकींचे काम होईल.”

आम्ही कोणी बोललो नाही. प्रवासातील अवघड क्षण कसे असतात याविषयी पुष्कळ ऐकले होते; पण तो क्षण इतका शांत असेल असे वाटले नव्हते. देऊळ समोर होते. तरुण मुलगा पाय रोवून उभा होता, त्याचे प्रेम खरे होते, आणि समोरचा उतार सात-आठ माणसांनी नुकताच ओलांडला होता. नाही म्हणावयाचे तर कशाच्या आधारावर?

भाईंनी वाटाड्याला विचारले, “वर लिंग आहे ना?”

“आहे, बाबूजी. पण आता त्याची पूजा आपली नाही. सहा महिने ती देवांची. आपला तुंगनाथ आमच्या गावी उतरला आहे. येथे त्याचे घर आहे.”

भाई बराच वेळ देवळाकडे पाहत राहिले. मग पुतण्याला म्हणाले, “उंबऱ्यावर घातलेले पाणी तासाभरात गोठेल. वैशाखात दार उघडावयास येणाऱ्याचा पाय त्यावरून घसरला तर? आणि तुझ्या काकीने तुला वीस मिनिटांसाठी तिकडे पाठविले असते का, ते तूच सांग.” पुतण्याने हात मागे घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. बर्फाच्या झळाळीने, असे तो पुढे म्हणाला.

आम्ही वळलो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या तरुणांस काही झाले नाही. तो उतार त्या दिवशी सुटला नाही. दुपारी ते सगळे हसत-खिदळत चोपत्यास उतरले आणि आमच्याच खानावळीत चहा प्याले. आमच्या परतण्याला कोणत्याही संकटाने येऊन दुजोरा दिला नाही. पुतण्या त्या संध्याकाळी गप्प होता, आणि आम्हांसही मनातून चुटपुट होतीच. परंतु विचार करता असे वाटते की, संकट आले तरच माघार योग्य, असे मानणे म्हणजे पाकळी पडल्यावर पुन्हा पुन्हा प्रसाद लावण्यासारखे आहे. त्या वेळी जे दिसत होते त्यावर निर्णय घ्यावयाचा असतो. नंतर काय घडले, हे निर्णय घेताना कोणाच्याच हाती नसते. ज्या गावाचा तो देव, त्या गावच्या मुलाने थांबा म्हटले. त्या डोंगराचा पुजारी त्या क्षणी तोच होता.

उतरताना वाटाड्याने कड्याच्या धारेवर उभे राहून आणखी एक गोष्ट दाखविली. तुंगनाथाची ही डोंगररांग मंदाकिनी आणि अलकनंदा यांच्या खोऱ्यांची विभागणी करते. धारेच्या एका अंगाचा बर्फ वितळून मंदाकिनीस मिळतो, दुसऱ्या अंगाचा अलकनंदेस. आणि दोन्ही रुद्रप्रयागास पुन्हा एकत्र येतात. पुढे देवप्रयागास भागीरथी मिळाली म्हणजे गंगा. आम्ही बुटांनी तुडविलेला तो बर्फ वैशाख-ज्येष्ठात हरिद्वारच्या घाटावर वाहणार होता. सहा महिने दार मिटलेले असते ते एवढ्यासाठीही असावे, असे आमच्या मनात आले. पर्वताला आपले पाणी साठवावयास, मृगांना आणि पाखरांना निर्भयपणे हिंडावयास, माणसाच्या पावलांवाचूनचा काळ लागतो. शास्त्र त्यास एक नाव देईल, पुजारी दुसरे देतील. नियम दोघांचा एकच निघतो. अलीकडे हिवाळ्यातही या वाटेवर गर्दी होऊ लागली आहे. येणाऱ्यांना येऊ नका म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण आम्हीही गेलो होतो. पण ते दार मिटलेले आहे, विसरलेले नाही, एवढे ध्यानात ठेवून चालावे.

दुसऱ्या दिवशी मक्कूमठास गेलो. डोंगराच्या कुशीत वसलेले गाव, पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांत हिरवा गहू, कडेला बुरांश. मार्कंडेय मंदिराच्या अंगणात दोन बाया धान्य निवडीत बसल्या होत्या आणि एक वासरू मोकळे हिंडत होते. वरच्या त्या निर्जन शुभ्र देवळानंतर हे अंगण पाहून आम्हांस आपल्या गावच्या देवळात आल्यासारखे वाटले. देव हिवाळ्यात कोठे राहतो याचे उत्तर तेथे होते. जेथे चूल पेटते, गुरे बांधलेली असतात, मुले खेळतात, तेथे तो राहतो. प्रियोळास आणि कवळ्यास आपले देव आले तेव्हा तेथील अंगणेही अशीच असतील.

पुजाऱ्यांनी भाईंस नाव, गोत्र आणि गाव विचारले. गाव गोव्यात म्हटल्यावर ते क्षणभर थांबले. “समुद्राकडून?” मग त्यांनी संकल्पात वहिनींचे नाव घातले. भाईंनी गडूच्या तोंडाचे मेण नखाने खरवडून काढले. पाच दिवस आगगाडीतून, मोटारीतून आणि बर्फातून आलेले ते तळीचे पाणी पुजाऱ्यांनी आपल्या ताम्हनात घेतले, मंत्र म्हटले, आणि भाईंच्या हाताला हात लावून अभिषेक केला. पाणी थोडेच होते, लगेच संपले. पुतण्या मागे उभा होता. भाईंनी त्यास पुढे बोलाविले आणि गडूत उरलेले शेवटचे थेंब त्याच्या हातून घालविले.

रिकामा गडू पुजाऱ्यांनी परत दिला नाही. अभिषेकाच्या तीर्थाने तो भरून, तुळशीचे पान घालून त्यांनी तो भाईंच्या हाती ठेवला आणि सांगितले की, आलेले भांडे रिकामे परत पाठविण्याची चाल त्यांच्या गावी नाही. ही चाल आमच्याही गावी आहे, असे भाई म्हणाले. एवढे बोलताना त्यांचा आवाज प्रथमच कापला.

इंदूरकडील वाचकांस येथे अहिल्याबाईंची आठवण होईल. त्या साध्वीने बदरी-केदारच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या त्या अठराव्या शतकात, जेव्हा ही सारी वाट पायांनी तुडवावी लागे. दूरच्या देवाची वाट आपल्या माणसांसाठी सुलभ करावी, हा आपल्या समाजाचा जुना धर्म आहे. तो आज पाळावयाचा तर नवी धर्मशाळाच बांधली पाहिजे असे नाही. जो हिवाळ्यात त्या बाजूस जाईल त्याने उखीमठास, मक्कूमठास, गोपेश्वरास अवश्य जावे. तेथे देव आहे, तेथील घरांना त्या दिवसांत पाहुण्याचा आधार आहे, आणि तेथे वृद्धांसही बेतानेच जाता येते. वर चढावयाचे झाल्यास पहाटे चढावे, गावचा वाटाड्या बरोबर घ्यावा, आणि तो थांबेल तेथे थांबावे.

चैत्रात वहिनींचे वर्षश्राद्ध झाले तेव्हा घरोघर त्या तीर्थाचा थेंब गेला. राहिलेले भाईंनी देवीच्या तळीत सोडले. १० मे २०२४ रोजी, अक्षय तृतीयेला, तुंगनाथाची कवाडे उघडली. त्या दिवशी भाईंनी देवळात नारळ ठेवला. पुतण्याने पुढे कधीतरी उन्हाळ्यात जाऊन ते दार उघडे पाहावयाचे ठरविले आहे, आणि त्या वेळी काकांस बरोबर नेण्याचेही. ‘तुंगनाथ पाहिलात का?’ असे कोणी विचारले म्हणजे भाई एवढेच सांगतात की, देऊळ दुरून पाहिले, देव जवळून पाहिला.